अजून लागतं का?

पूर ओसरल्यावर आम्ही खोलीचं दार ढकललं, तर ते हलेना. आतून चिखलाने धरून ठेवलं होतं. आईने खांदा लावला, मी पाठ लावली. दार वीतभर सरकलं आणि आतून पहिला बाहेर आला तो वास. मी नाक दाबलं. आई म्हणाली, "नाक दाबून फावडं कसं धरणार?"

खोली म्हणजे आमची संस्था. पाटीवर लांबलचक नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. कोणी पडलं, कोणाचं ऑपरेशन झालं, कोणाचा पाय गेला, की "खोलीवरून आणा" एवढंच. कुबड्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या, कमोडच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या. लागेल तितके दिवस फुकट वापरायचं आणि मग परत. सामान शहरातली एक मोठी संस्था पाठवायची, आणि गावातली सात माणसं मिळून खोली चालवायची. पुरानंतर त्यातली सहा आपापल्या घरातला चिखल उपसत होती. उरली आई.

आठ दिवस आम्ही घमेल्यांनी चिखल बाहेर टाकला. पाणी झरोक्यापर्यंत चढलं होतं, भिंतीवर त्याची तपकिरी रेघ उमटली होती. चाकाच्या चार खुर्च्यांपैकी एक सापडली, तीही वाकडी. गाद्या फुगून फाटल्या होत्या. एक कुबडी पार खालच्या बाभळीत अडकलेली दिसली, पण ती काढायला कोण चढणार? बाबा असते तर चढले असते. बाबा सुतार. त्यांचा रंधा, पटाश्या, करवती, सगळी पेटीच वाहून गेली, म्हणून ते शहरात फर्निचरच्या कारखान्यात लागले. रविवारी फोन यायचा.

"कसं काय?"

"बरं आहे. तिकडे?"

"इकडेही बरं आहे."

आई फोन ठेवायची आणि आम्ही दोघी जेवायला बसायचो. तिसरं ताट घासून फळीवर उपडं ठेवलेलं असायचं, पण बोलायची मी एकटीच. आई 'हं' म्हणायची, तेही घासाच्या मधे.

नवव्या दिवशी शहरातून ताई आल्या. संकटातून गेलेल्या संस्थांना पुन्हा उभं राहायला मदत करणं, हेच त्यांचं काम. आमच्यासारख्या अकरा संस्था त्यांच्याकडे होत्या. चिखलाचे बूट दाराबाहेर काढून त्या अनवाणी आत आल्या, तिथेच मला आवडल्या.

"किती सामान उरलंय?" त्यांनी विचारलं.

"इथे काही नाही," आई म्हणाली. "पण लोकांकडे आहे. पूर आला तेव्हा जे बाहेर होतं, ते वाचलं."

"किती?"

"असेल तीस-चाळीस."

"कोणाकडे काय, लिहिलेलं आहे?"

"होतं. वही गेली. पण मला माहीत आहे ना."

ताईंनी मान हलवली. मग समजावून सांगितलं. दीड महिन्याने मोठ्या संस्थेची बैठक होती. आमची खोली चालू ठेवायची की बंद करायची, ते तिथे ठरणार होतं. पूरग्रस्त संस्था पुष्कळ, सगळ्यांना पुरेल इतकं कोणाकडेच नाही. "आपल्याला दाखवता आलं पाहिजे, की काय आहे, किती आहे आणि आपण ते सांभाळू शकतो. वापरात नसलेलं सगळं आधी एका जागी आणा. मग नव्याने वाटू."

"बाई, आमच्यात असं मागत नाहीत," आई म्हणाली.

"मागायचं नाही. फक्त विचारायचं. अजून लागतं का, एवढंच." आणि त्यांनी फॉर्मांचा गठ्ठा दिला. नाव, वस्तू, आणि खाली दोन चौकोन: लागते, लागत नाही.

आई यापूर्वी असं कधी करत नसे. ती जायची, बसायची, चहा व्हायचा, कोणाच्या तरी म्हशीची किंवा सुनेची गोष्ट निघायची. तासाभराने ती उठायची. कधी सामान घेऊन, कधी रिकाम्या हाताने. मला ते भयंकर वेळखाऊ वाटायचं. त्यात आता तिच्या पायांना चिखल्या झाल्या होत्या. बोटांच्या बेचक्या सडल्यासारख्या पांढऱ्या पडलेल्या, टाच टेकवत नव्हती.

"मी जाते!" मी म्हणाले.

कारण मी तेव्हा नुसती मी नव्हते. त्या वर्षी वक्तृत्वात मी तालुक्यात पहिली आले होते, आणि ज्या मुली मला डबा खाताना शेजारी बसू देत नव्हत्या, त्याच आता 'तू बोल ना आमच्या वतीने' म्हणत होत्या. शाळा पुरामुळे बंद होती. तोंड शिवशिवत होतं.

आईने माझ्याकडे बघितलं. "विचारशील कसं?"

"तोंडाने!"

ताई हसल्या. आई हसली नाही.

मी हातगाडी घेतली आणि निघाले. पहिलं घर शिंपीणकाकूंचं. त्यांचा एक पाय लहानपणापासून बारीक, कुबडी घेऊन चालायच्या. मशीन पुसत ओट्यावर बसल्या होत्या. मी दारातूनच खणखणीत आवाजात म्हटलं, "काकू, संस्थेकडून आले आहे. कुबडी अजून लागते का?"

काकूंनी शेजारच्या ओट्याकडे बघितलं. तिथे दोघी बसल्या होत्या.

"छे गं," काकू म्हणाल्या. "घेऊन जा की. पडूनच असते."

मी चौकोनात बरोबरची खूण केली. केवढं सोपं!

गवंडी आजोबांकडे तर सगळं घरच अंगणात होतं. त्यांनी आयुष्यभर गावाच्या भिंती बांधल्या, आणि आता गुडघे गेले होते. वॉकर पुढ्यात घेऊन ते खाटेवर बसले होते, नातवंडं भोवती. मला बघून म्हणाले, "आला भोंगा!" हे नाव त्यांनीच मला ठेवलं होतं.

"आजोबा, हा वॉकर अजून लागतो का?"

"मला?" आजोबा म्हणाले. "माझ्या भिंती बघितल्यास का? पुरात एक पडली नाही. मी काय काठ्यांच्या टेकूवर उभा राहणारा माणूस आहे? ने, ने. कोणा गरजवंताला दे."

सुनेने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आजोबांनी तिच्याकडे नुसतं बघितलं, आणि ती धुणं घेऊन मागे गेली.

असे सहा दिवस. ऊन चढायचं, चिखल वाळून त्याची पापुद्र्यासारखी सालं निघायची, चाकं त्यात कचकच वाजायची. हाताला फोड आले, मी ते मिरवत होते. आईने आठवून सांगितलेल्या चौतीस वस्तूंपैकी एकतीस गोळा झाल्या. तीन घरांना कुलूप होतं. 'लागते' या चौकोनात एकही खूण नव्हती, एकही! मला वाटलं, काय गुणी माणसं आहेत. मला वाटलं, काय गुणी मी आहे.

ताई पुन्हा आल्या तेव्हा खोली बघून त्यांनी टाळीच वाजवली. कुबड्या उंचीप्रमाणे लावलेल्या, वॉकर एकात एक घातलेले, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी. त्यांनी फोटो काढले. "अकरा ठिकाणांत असं कुठे झालं नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला दुसऱ्या दिवशीपर्यंत जाणवत होती.

त्या गेल्यावर आई, सामान गोळा झाल्यापासून पहिल्यांदाच, लंगडत खोलीवर आली. तिने फोटोसारखं लांबून बघितलं नाही. खाली बसली, एक वॉकर आडवा केला, आणि त्याच्या पायांची रबरी टोपणं अंगठ्याने चाचपली. मग दुसरा. मग कुबड्या.

"हे बघ," ती म्हणाली.

"काय?"

"टोपण. उजवीकडून झिजलंय, आणि झीज ताजी आहे. आत पुराचा चिखल बसलाय. ही कुबडी शिंपिणीकडून कधी आणलीस?"

"सोमवारी."

"म्हणजे सोमवारी सकाळपर्यंत ती हिच्यावर चालत होती." आईने कुबडी मांडीवर घेतली. "पडून असलेल्या कुबडीच्या रबराला धूळ असते. रबर कडक होतं, भेगा पडतात. मी चहा पीत बसते तेव्हा हेच बघत असते. तुला काय वाटलं, म्हशीच्या गोष्टी ऐकते?"

"पण त्या म्हणाल्या! मी विचारलं, आणि त्याच म्हणाल्या, लागत नाही!"

"चार माणसांत विचारलंस, मला गरज आहे असं कोण म्हणेल गं? तू म्हणशील?"

मी वॉकरवरची नंबराची चिठ्ठी नखाने सोलत बसले.

आईने एकतीसही वस्तू तपासल्या. पाच सोडून सगळ्या वापरातल्या होत्या.

शाळा सुरू झाली आणि मग मला ऐकू यायला लागलं. म्हणजे ऐकू यायचं थांबलं. सकाळी शाळेच्या वाटेवर खट-खट वाजायचं, शिंपीणकाकू दोरे आणायला निघायच्या. वळणावर दूधवाल्याची आई वॉकर धरून उभी असायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'किती वाजले' विचारायची. घड्याळ तिच्या घरात होतं, तरी विचारायची. आता वाट साफ रिकामी. खिडक्यांत मात्र माणसं दिसायची. बसलेली. माझ्याकडे बघायची, आणि मी बघितलं की दुसरीकडे बघायची.

गवंडी आजोबांची सून नळावर भेटली. हळूच म्हणाली, "मामंजी पहाटे सगळे उठायच्या आत भिंत धरून धरून मागे परसाकडे जातात. काल रांगत परत आले. गुडघे सोलवटलेत. मी बघितलं हे त्यांना माहीत नाही. तू बोलू नकोस कुठे."

त्या दिवशी मी वर्गात एकदाही हात वर केला नाही. शेजारणीने विचारलं, "बरं नाही का तुला?"

शनिवारी मी हातगाडी भरली आणि परत द्यायला निघाले. शिंपीणकाकूंनी मशीनवरून मान वर केली नाही.

"काकू, कुबडी आणली आहे."

"कशाला?"

"तुम्हाला लागते म्हणून."

"तुला कोणी सांगितलं लागते म्हणून? मी म्हटलं होतं?" सुई खडखडत राहिली. "आज न्यायची, उद्या आणून द्यायची. मी काय दारोदारची भिकारीण आहे?"

चार घरं फिरले, चारही घरी हेच. गाडी भरलेली गेली तशी भरलेली परत आली, आणि चढावर एका चाकाने दगड धरला तेव्हा मी तिथेच गाडीला टेकून रडले. कोणी नव्हतं म्हणून रडले. आणि कोणी नव्हतं म्हणूनही रडले.

आईने ऐकून घेतलं. पायांना मलम लावत होती. म्हणाली, "त्यांना घ्यायला लावू नकोस. आपणच काहीतरी मागू."

"काय मागू?"

"जागा."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर निघाली, पायाला फडकी गुंडाळून. शिंपीणकाकूंकडे गेली, ओट्यावर नाही, आत गेली. बसली. पाऊणएक तास शिवणाची, दोऱ्यांची, पुरात भिजलेल्या कापडाच्या डागांची गोष्ट झाली. मी गप्प बसले, जिभेला गाठ मारून. उठता उठता आई म्हणाली, "एक अडचण आहे हो. खोलीच्या भिंतीत ओल आहे अजून. लोखंडाला गंज चढेल, रबर खराब होईल. एखादी कुबडी सांभाळाल का? कोपऱ्यात उभी करून ठेवा. पण एक करा, रोज थोडी वापरा. रबर वापरात असलं की टिकतं."

काकूंनी आईकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "ठेवा. तुमची अडचण असेल तर नाही कशी म्हणू?"

आम्ही वळणापर्यंत पोचलो नव्हतो तोच मागे खट-खट वाजलं. मी वळून बघणार होते. आईने माझं मनगट धरलं.

पंधरा दिवसांत खोली रिकामी झाली. प्रत्येक घरात तास तास बसून, प्रत्येकाचे उपकार घेऊन. फक्त गवंडी आजोबा अडले.

"ओल?" ते म्हणाले. "त्या खोलीचा गिलावा कोणी केलाय, माहीत आहे? मी! तिच्या भिंतीला ओल धरते असं माझ्या तोंडावर सांगता? गावात कुठे बोलू नका, लोक हसतील तुम्हाला."

आई एवढी घरं फिरली, आणि गिलावा कोणाचा हे इथेच विसरली. आजोबा खाटेवर बसून होते, पंच्याने गुडघे झाकलेले.

मग मी बोलले. भाषणासारखं नाही. आवाज निघतच नव्हता. "आजोबा, ओल नाही. मी चुकले. मी सगळ्यांसमोर विचारायला नको होतं. हा वॉकर इथे ठेवू द्या, नाहीतर मला रोज दिसतो तो."

आजोबांनी कानामागे हात धरला. "काय? भोंग्याचा आवाज बसला की काय?"

"हो."

त्यांनी खाटेशेजारी बोट दाखवलं. "ठेव तिथे," म्हणाले. "तुला त्रास होतो म्हणून ठेवतो. माझ्यासाठी नाही."

बैठकीआधी ताई आल्या. खोलीत वाकडी चाकाची खुर्ची, पाच जुन्या वस्तू आणि भिंतीवरची पुराची रेघ, एवढंच होतं. त्या दारातच थांबल्या.

"सामान?"

"जिथलं तिथे," आई म्हणाली.

"अहो, मी फोटो पाठवलेत! भरलेल्या खोलीचे! आता काय दाखवू मी त्यांना? ही संस्था कुठे आहे म्हणून सांगू?"

आई रागावली नाही. फडक्यातला पाय चपलेत घातला आणि म्हणाली, "चला."

त्या दोघी दिवसभर फिरल्या. ताई प्रत्येक घरात बसल्या, चहा प्यायल्या, आणि आईने सांगितल्याप्रमाणे काहीही विचारलं नाही. संध्याकाळी त्या खोलीच्या पायरीवर येऊन बसल्या, फॉर्मांचा गठ्ठा मांडीवर. "यातल्या कुठल्या चौकोनात बसवू हे?" म्हणाल्या. पण आमच्याकडे बघून नाही. मग त्यांनी एक फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागल्या. अंधुक होईपर्यंत लिहीत होत्या.

निर्णय आला तो असा: आमचं काम चालू राहील, नवं सामान येईल, पण थेट घरांत ठेवायचं. प्रत्येक घर सांभाळणारं. आपल्याकडची वस्तू कोणाला द्यायची, कधी द्यायची, ते त्या घराने सांगायचं. आणि खोली बंद. तिची गरज उरली नव्हती. आधी पाटी उतरली. मग तिथे बी-बियाणाची पोती लागली.

सगळे म्हणाले, वाचली संस्था. वाचलीच. पण पूर्वी खोलीवर माणसं येऊन बसायची, आईला चार शब्द बोलायला मिळायचे, शाळेतून सुटले की मी पण तिथेच दप्तर टाकायची. आता आई ओढ्याच्या अलीकडची घरं करते, सुट्टीच्या दिवशी मी पलीकडची. दिवसभर दुसऱ्यांच्या घरी बसून येतो आणि आपल्या घरी आलो की दोघींचे घसे कोरडे असतात. बाबांनी रविवारी विचारलं, "कसं काय?" आई म्हणाली, "चालू आहे." त्यांना वाटलं, तेच, बरं आहे.

परवा निरोप आला. वीटभट्टीवरच्या एका बाईचा खुबा मोडला होता, ऑपरेशन झालं होतं, वॉकर तातडीने हवा होता. नवं सामान अजून आलेलं नाही, आणि उरलेल्या पाच जुन्या वस्तूंत वॉकर नव्हता. आई लांब होती. मी गवंडी आजोबांकडे गेले. अंगणात सगळं घर होतं. मी दारातच अडखळले, कारण कसंही म्हटलं तरी ते तेच विचारणं होतं.

"आजोबा, एकीला वॉकर हवा आहे. तुमच्याकडचा..."

आजोबांनी वॉकरची दांडी धरली. सून धुणं पिळता पिळता थांबली.

"नाही," आजोबा म्हणाले. "देत नाही. लागतो मला."

सगळ्यांसमोर म्हणाले. मोठ्याने. मी मूर्खासारखी हसायला लागले.

"दात काय काढतेस? तिकडे बाई खोळंबलीय," आजोबा ओरडले. "घड्याळवाल्याकडे जा. त्याच्या बायकोचा असेल. आणि हे बघ, तिथे असं दारात उभं राहू नकोस. आत जाऊन बस."

घड्याळवाल्या काकांच्या घराला माझ्या पहिल्या फेरीत कुलूप होतं. काकू पुराच्या आधीच आजारी होत्या, पूर आला तेव्हा दवाखान्यात होत्या, तिथेच गेल्या. काका परत आले तेव्हापासून दुकान उघडलं नव्हतं. आम्ही दोघींनीही ते घर केलं नव्हतं. आई म्हणायची, जाऊ एकदा, पाय बरा झाला की. पाय बरा होऊन महिना झाला होता.

दार लोटलेलंच होतं. मी आत जाऊन बसले. काका टेबलाशी होते, पुढ्यात उघडलेलं एक घड्याळ, पण हातात काही नव्हतं. पलीकडे खाटेजवळ वॉकर उभा होता. त्याच्यावर काकूंचा निळा स्वेटर वाळत घातल्यासारखा टाकलेला. टोपणांवर धूळ दिसत होती, इथूनसुद्धा.

"चहा घेतेस?" काकांनी विचारलं.

"घेते."

त्यांनी दोन कप काढले, मग एक पुन्हा विसळला, जणू तो बरेच दिवस कोणी वापरला नव्हता. दूध नव्हतं. आम्ही कोराच प्यायलो. मी घड्याळाचं काहीतरी विचारलं, त्यांनी बारीक चाकांची नावं सांगितली, एक चाक माझ्या तळहातावर ठेवलं. मी फुंकरीने उडेल म्हणून श्वास रोखून बघितलं. बराच वेळ गेला. भट्टीवरची बाई माझ्या डोक्यात होती, पण मी बोलले नाही.

शेवटी काकांनी माझ्या हातातलं चाक उचलून जागेवर ठेवलं आणि ते उठले. वॉकरपाशी गेले. स्वेटर काढला, दोन्ही बाह्या आत घेऊन घडी केली, आणि ती घडी कुठे ठेवावी हे न कळल्यासारखे हातात धरून उभे राहिले.

"कोणासाठी हवाय?" ते म्हणाले.

मी सांगितलं.

"उंची किती तिची?"

मला माहीत नव्हतं. काकांनी स्वेटर उशीशी ठेवला, खाली बसले, आणि वॉकरच्या पायांची बटणं दाबून पाहू लागले. कडक झाली होती. "तेल घालावं लागेल," म्हणाले. टेबलावरून घड्याळाच्या तेलाची बारीक कुपी आणली. एकेक थेंब घालत होते, चारही पायांना, सावकाश. मी दुसरी बाजू धरून बसले.